स्पेक्ट्रोग्राफ बनवायला एवढी वर्षं का लागतात, आणि त्यात मेकॅनिकलवाल्याचं काय काम?

पुण्यातल्या एका मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: डीव्हीडीच्या तुकड्यातून सुद्धा स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाशाचा रंगपट्टा, दिसतो, स्पेक्ट्रोग्राफ म्हणजे शेवटी एक स्लिट (बारीक फट), एक कोलिमेटर (किरण समांतर करणारी लेन्स किंवा आरसा), एक ग्रेटिंग (बारीक रेघांची, प्रकाश रंगांत फाकवणारी पट्टी) नि एक कॅमेरा, मग वेधशाळांना एक बनवायला इतकी वर्षं आणि कोट्यवधी रुपये कसे काय लागतात, आणि या कामात मेकॅनिकल इंजिनियरला काही जागा असते का सगळं फिजिक्सवाल्यांचंच राज्य.

बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घे.

प्रकाश फाकवणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. ग्रेटिंग काही आपण बनवत नाही, जगात हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या कंपन्या बनवतात, त्यांच्याकडून विकत घ्यायची आणि जपायची. अवघड काय, तर तो फाकवलेला प्रकाश डिटेक्टरवर रात्रभर, महिनाभर, जमलं तर दहा वर्षं एकाच जागी पाडत राहणं. आणि हा सगळा खेळ अ‍ॅल्युमिनियम, स्टील, स्क्रू, स्प्रिंग, व्हॅक्यूम आणि तापमानाचा आहे, म्हणजे तुझ्याच सिलॅबसमधला. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे ते असं.

आता आकडे घेऊ, नाहीतर नुसत्या गप्पा होतील.

समजा २ मीटरची दुर्बीण आहे, एफ/१०, म्हणजे फोकल लेंग्थ २० मीटर. आकाशातला १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) फोकसवर किती मोठा दिसतो? २० मीटर गुणिले ४.८५ भागिले दहा लाख, म्हणजे ९७ मायक्रॉन. बऱ्यापैकी चांगल्या रात्री सुद्धा वातावरणामुळे ताऱ्याचा ठिपका १ ते दीड आर्कसेकंदाचा होतोच, म्हणजे स्लिट साधारण १०० मायक्रॉनच्या खाली नेली की प्रकाश फुकट जायला लागतो. इथेच पहिली मेख आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये जास्त रेझोल्यूशन (जवळजवळचे रंग वेगळे दाखवण्याची ताकद) पाहिजे तर स्लिट बारीक करतात, आपल्याला ती मुभा नाही, कारण जो प्रकाश स्लिटच्या जबड्यावर आपटून वाया गेला तो मिळवायलाच तर एवढी मोठी दुर्बीण बांधली होती. मग रेझोल्यूशन वाढवायला एकच रस्ता उरतो, कोलिमेटेड बीम जाडा करायचा. एशेल ग्रेटिंग घेतली, आर-२ नावाची, जिचा ब्लेझ अँगल, म्हणजे रेघांचा उतार, ६३ अंशांच्या जरा वर असतो, आणि ६०,००० रेझोल्यूशन पाहिजे म्हटलं, तर १ आर्कसेकंद स्लिटसाठी बीम येतो सुमारे १४५ मिमी. जमण्यासारखं आहे. हेच १० मीटरच्या दुर्बिणीवर करायला गेलास तर बीम होतो ७२७ मिमी, आणि ३० मीटरच्या दुर्बिणीवर दोन मीटरच्या वर. एवढी ग्रेटिंग जगात कोणी बनवत नाही. म्हणून मग ग्रेटिंगचे तुकडे शेजारी शेजारी जोडून मोझेक करणं, इमेज स्लायसरने ताऱ्याच्या ठिपक्याच्या चकत्या करून त्या एकाखाली एक लावणं, अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सने ठिपकाच लहान करणं, असे सगळे उपद्व्याप सुरू होतात आणि प्रत्येक उपद्व्यापाला मेकॅनिकल डिझाइन लागतं. लोकांना वाटतं मोठी दुर्बीण आली म्हणजे उपकरणाचं काम सोपं झालं, प्रत्यक्षात दुर्बिणीबरोबर स्पेक्ट्रोग्राफही फुगत जातो.

दुसरा मुद्दा फ्लेक्शरचा, म्हणजे वजनाने वाकण्याचा, आणि हा तुझा खास.

कॅसेग्रेन फोकसला लावलेला स्पेक्ट्रोग्राफ दुर्बिणीच्या पार्श्वभागाला लटकलेला असतो. आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेच्या गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीवरचा आयफॉस्क असाच, लडाखमधल्या हानलेच्या हिमालयन चंद्र टेलिस्कोपवरचा एचफॉस्क असाच. दुर्बीण तारा पकडून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते तसा तो स्पेक्ट्रोग्राफ पण तिच्याबरोबर कलतो, वर रोटेटर त्याला फिरवतो ते वेगळंच. म्हणजे आतल्या प्रत्येक लेन्सच्या, आरशाच्या आणि ग्रेटिंगच्या दृष्टीने गुरुत्वाकर्षणाची दिशा तासातासाला बदलतेय. पुस्तकांनी भरलेली फळी मध्ये वाकते तशी प्रत्येक प्लेट वाकते, फक्त कुठल्या बाजूला ते सतत बदलत राहतं. आता हिशोब बघ. कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ २५० मिमी धर, सीसीडीचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) पिक्सेल १५ मायक्रॉनचा. ग्रेटिंग फक्त १ आर्कसेकंद कलली तर परावर्तित बीम साधारण दुप्पट वळतो आणि स्पेक्ट्रम अडीच मायक्रॉन सरकतो, म्हणजे पिक्सेलचा सहावा भाग. आणि १ आर्कसेकंद कलायला काय लागतं? १०० मिमी रुंद माउंटचं एक टोक अर्धा मायक्रॉन वर गेलं की झालं काम. तासाभराच्या एक्स्पोजरमध्ये आपल्याला साधारण एवढीच हालचाल परवडते, आणि हे एकट्या ग्रेटिंगने सगळं बजेट खाल्लं, कोलिमेटर, कॅमेरा, स्लिट आणि डेवार (डिटेक्टरची थंड व्हॅक्यूम डबी) अजून रांगेत उभे आहेत.

नवीन पोरं येतात ती अ‍ॅन्सिसमध्ये मस्त कंप्युटर मॉडेल करून आणतात, रंगीत चित्र, कमाल डिफ्लेक्शन दोन मायक्रॉन, सगळं छान. मी पहिला प्रश्न विचारतो की जॉइंट कसे धरलेत? तर बाँडेड, म्हणजे चिकटून एकजीव. इथेच तर खोट आहे. इलॅस्टिक वाकणं हे काही फार वाईट नसतं, ते पुन्हा पुन्हा तेवढंच होतं, त्याचं मॉडेल करून दुरुस्ती करता येते, हवं तर मुद्दाम उलट बाजूला वाकणारा सपोर्ट देऊन ते मारता पण येतं. खरा वैताग देतो तो हिस्टेरिसिस. बोल्ट केलेला जॉइंट थोडासा घसरतो, दुर्बीण पूर्वेकडून वर आली की वेगळ्या जागी, पश्चिमेकडून आली की वेगळ्या जागी, आणि हे कुठल्याच मॉडेलमध्ये दिसत नाही. म्हणून मग किनेमॅटिक माउंट, तीन गोळे तीन व्ही-ग्रूव्हमध्ये, बरोबर सहा कन्स्ट्रेंट, एक कमी नाही एक जास्त नाही, वर ठरलेल्या ताकदीची स्प्रिंग. दुप्पट बोल्ट मारले की घट्ट बसेल हा वर्कशॉपवाल्यांचा आवडता उपाय इथे उलटा पडतो, जास्त कन्स्ट्रेंट म्हणजे आतमध्ये ताण साठणार आणि तो कधीतरी, बहुतेक ऑब्झर्वेशनच्या रात्रीच, सुटणार.

हे तपासायचं कसं, तर फार साधं आहे. अख्खा स्पेक्ट्रोग्राफ एका टिल्ट रिगवर चढवायचा, आत निऑन किंवा हेलियम-आर्गॉनचा दिवा लावायचा, दर पंधरा अंशाला थांबून फोटो घ्यायचा, जाऊन यायचं, आणि रेषा किती सरकल्या त्याचा आलेख काढायचा. जातानाची नि येतानाची वाट एकच निघाली तर चहा प्यायला जायचं. वेगवेगळी निघाली तर पाना घेऊन बसायचं.

यावर एक मोठा तोडगा म्हणजे स्पेक्ट्रोग्राफ दुर्बिणीवर लटकवायचाच नाही, खाली खोलीत टेबलावर ठेवायचा आणि प्रकाश ऑप्टिकल फायबरने आणायचा. हानलेचा हेस्प असाच आहे, माउंट अबूला अहमदाबादच्या पीआरएल संस्थेचा पारस असाच आहे, चिलीत ला सियाला २००३ पासून चालू असलेला हार्प्स पण असाच. पण फायबरचं स्वतःचं दुखणं असतं. आत गेलेला प्रकाश बाहेर पडताना जास्त पसरतो, याला फोकल रेशो डिग्रेडेशन म्हणतात, आणि फायबर कुठे दाबला गेला, क्लॅम्प जरा जास्त आवळला, टोकाला गोंद सुकताना ताण आला तर ते वाढतं. फायदा असा की तारा फायबरच्या तोंडावर जरा इकडे तिकडे हलला तरी बाहेर पडेपर्यंत प्रकाश घोळून निघतो, आणि अष्टकोनी फायबर घेतला तर गोल फायबरपेक्षा बराच चांगला घोळतो.

आता गुरुत्वाकर्षणाची कटकट गेली, मग तापमान समोर येतं. ग्रह शोधायचे तर ताऱ्याचा वेग मोजायचा असतो, कारण ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा डुलतो आणि त्याच्या स्पेक्ट्रममधल्या रेषा किंचित सरकतात. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने डुलतो, पृथ्वीमुळे फक्त ९ सेंटीमीटर. हार्प्सचं रेझोल्यूशन १,१५,००० च्या आसपास, एक पिक्सेल म्हणजे साधारण ८०० मीटर प्रति सेकंद. म्हणजे १ मीटर प्रति सेकंद मोजायला स्पेक्ट्रमची १८ नॅनोमीटर सरक ओळखायला लागते, पिक्सेलचा हजारावा भाग म्हण हवं तर. (हजारो रेषांची सरासरी घेतो म्हणून जमतं, एका रेषेवर हे अशक्य आहे.) आणि इकडे १ मीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनियमचं टेबल ०.०१ डिग्री तापलं की २३० नॅनोमीटर वाढतं. बरं, टेबल सोड, नुसती हवा घे. खोलीतला हवेचा दाब १ मिलिबार बदलला, जो रोज बदलतोच, तर हवेचा अपवर्तनांक एवढा बदलतो की ८० मीटर प्रति सेकंदाची खोटी सरक दिसते. १ डिग्री तापमानाला २८० च्या आसपास. म्हणून हे स्पेक्ट्रोग्राफ अख्खेच्या अख्खे व्हॅक्यूमच्या टाकीत ठेवतात आणि टाकी खोलीत, ती खोली दुसऱ्या खोलीत, प्रत्येकीचं तापमान आधीपेक्षा कडक सांभाळलेलं. पारसचं डिझाइन २५ डिग्रीला ०.०१ डिग्रीच्या आत धरून ठेवायचं होतं, आणि १.२ मीटरच्या लहानशा दुर्बिणीवर बसून त्याने २०१८ साली पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा ग्रह दाखवला. त्याचा पुढचा अवतार पारस-२ आता २.५ मीटरच्या दुर्बिणीवर आहे, रेझोल्यूशन लाखाच्या वर. मला विचारशील तर आपल्या देशातलं हे सगळ्यात शिस्तीत केलेलं काम आहे, आणि त्यात ग्रेटिंगपेक्षा हीटर, इन्सुलेशन नि तापमान कंट्रोलरची करामत जास्त आहे.

लेन्सबद्दल पण बोलायला हवं. निळ्या प्रकाशाला फ्यूज्ड सिलिका आणि कॅल्शियम फ्लोराइड लागतात. फ्यूज्ड सिलिका तापमानाने जवळपास वाढतच नाही, अ‍ॅल्युमिनियम मात्र भरपूर. १५० मिमीची सिलिकाची लेन्स अ‍ॅल्युमिनियमच्या सेलमध्ये २० डिग्रीला घट्ट बसवलीस आणि रात्री पारा उणे १० ला गेला (हानलेला हिवाळ्यात तर याच्याही बराच खाली जातो), तर सेल लेन्सपेक्षा ०.१ मिमी जास्त आकसतो. काचेला ०.१ मिमी म्हणजे फाशीच. म्हणून मध्ये सिलिकॉन रबराचे पॅड, ज्यांची जाडी हिशोबाने काढतात, म्हणजे रबर जेवढं आकसेल तेवढी जागा सेलच्या आकसण्याने बरोबर भरून निघेल. कॅल्शियम फ्लोराइड तर अजून नाजूक, एकदम गरम-गार केलं की तडकतं. आणि काचेचा प्रत्येक मेल्ट थोडा वेगळा असतो, त्याचा अपवर्तनांक कॅटलॉगशी चौथ्या-पाचव्या दशांशाला जुळत नाही, म्हणून काच हातात आली की मोजून आलेल्या आकड्यांवर डिझाइन परत ऑप्टिमाइझ करायचं आणि मगच पॉलिशला द्यायचं. इथे महिने जातात. वर सरकारी खरेदीची टेंडरं, कस्टम्स, आणि एकच कंपनी जगात ती वस्तू बनवते तरी तीन कोटेशनं आण म्हणणारा कोणीतरी. तुझी वर्षं कुठे जातात त्याचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे.

ग्रेटिंगला कधी हात लावायचा नाही. पुसायची पण नाही. बोटाचा ठसा उमटला तर तो कायमचा, आणि पुसायला गेलास तर ग्रेटिंगच गेली.

डिटेक्टर: सीसीडी उणे १०० ते १२० डिग्रीला ठेवायचा म्हणजे डार्क करंट (अंधारातही उष्णतेने येणारा खोटा सिग्नल) मरतो, म्हणून तो व्हॅक्यूम डेवारमध्ये आणि मागे लिक्विड नायट्रोजन किंवा क्रायोकूलर. डेवारचं व्हॅक्यूम बिघडलं की बाहेरच्या खिडकीवर दव साचतं, म्हणून पावसाळी हवेत डेवार उघडायला मी तरी कोणाला देत नाही. डिटेक्टरचे कंट्रोलर विकत मिळतात, पण आयुकाने स्वतःचा पण बनवलाय, आणि ही क्षमता घरात असणं फार मोलाचं, कारण रात्री दोनला काहीतरी बिघडलं तर बाहेरच्या कंपनीला ईमेल लिहून उपयोग नसतो. इन्फ्रारेडमध्ये जायचं असेल तर त्रास दुप्पट, कारण तिथे उपकरण स्वतःच उष्णतेने चमकतं, त्यामुळे सगळं ऑप्टिक्स थंड डबीत. मुंबईच्या टीआयएफआर आणि नैनीतालच्या एरीज या संस्थांचा टॅनस्पेक, देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचा, असा आहे, दृश्य प्रकाशाच्या हिरव्या भागापासून (०.५५ मायक्रॉन) २.५ मायक्रॉनपर्यंत एकाच वेळी घेतो.

स्ट्रे लाइटचा, म्हणजे भरकटलेल्या उजेडाचा, एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवीन उपकरण जुळवलं, शटर बंद, झाकण बंद, खोलीत अंधार, तासाभराचा डार्क घेतला, आणि एका कोपऱ्यात हलकासा उजेड दिसतोय. मग शोधाशोध. लोक आधी सांधे नि झाकणं बघतात, टॉर्च मारून मारून. चोर बहुतेक वेळा आतच असतो: मोटरची जागा मोजणाऱ्या एन्कोडरमधला किंवा लिमिट स्विचमधला इन्फ्रारेड एलईडी. डोळ्याला दिसत नाही पण ८८० नॅनोमीटरला सीसीडीला व्यवस्थित दिसतो. उपाय म्हणजे एक्स्पोजर चालू असताना एन्कोडरची पॉवरच बंद. दुसरा फसवा प्रकार काळ्या अ‍ॅनोडाइझचा, डोळ्याला काळाकुट्ट वाटणारा पार्ट निअर-इन्फ्रारेडमध्ये चांगला चकचकीत असतो. तिथे काळा रंग किंवा काळा कागद कुठला चालतो हे आधी मोजून मगच वापरायचं.

एवढं सगळं करून शेवटी हाती किती येतं? दुर्बिणीचे दोन आरसे ०.८५ प्रत्येकी, स्लिटमधून ०.६५, कोलिमेटर वगैरे ०.८, ग्रेटिंग ०.६५, कॅमेरा ०.८५, सीसीडी ०.९. गुणाकार कर, १९ टक्के पण होत नाहीत, आणि यात वातावरण धरलंच नाहीये. दर पाच फोटॉनमधला एकही धड पोचत नाही. म्हणून कोटिंगमध्ये अर्धा टक्का मिळवायला लोक भांडतात ते उगाच नाही.

आणि सॉफ्टवेअर. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये डेटा रिडक्शनची पाइपलाइन (कच्च्या फोटोंतून स्पेक्ट्रम काढणारा प्रोग्राम) सगळ्यात शेवटी आठवते, तोपर्यंत पैसे संपलेले असतात आणि ते काम एखाद्या पीएचडीच्या पोराच्या गळ्यात पडतं. कॅलिब्रेशनचा (माहीत असलेल्या रेषा देणारा) दिवा सुद्धा तसाच, थोरियम-आर्गॉनचे चांगले शुद्ध दिवे मिळणं अवघड झालं म्हणून पारस-२ युरेनियम-आर्गॉनवर गेला. डिझाइनच्या पहिल्या दिवशी या दोन गोष्टी कागदावर नसतील तर मी त्या प्रोजेक्टपासून लांब राहतो.

पुण्याचा म्हणतोस म्हणून एक अवांतर. आजचं सीओईपी (इंजिनियरिंग कॉलेज) जेव्हा कॉलेज ऑफ सायन्स होतं तेव्हा १८८८ मध्ये तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, २० इंची ग्रब दुर्बीण आणि सोबत स्पेक्ट्रोस्कोप, सगळं प्रा. कावसजी नायगमवाला यांच्या हाताखाली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते जेऊरला गेले आणि इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला, दोघंही सूर्याच्या कडेचा स्पेक्ट्रम घ्यायला. विजयदुर्गावर लॉकियरने हेलियम शोधला असं जे सांगतात ते १८६८ चं आहे, आणि त्या साली तो भारतात नव्हताच, त्याने हेलियमची ती पिवळी रेषा इंग्लंडमधूनच पाहिली. नायगमवालांची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. त्यानंतर पुण्यात पुन्हा हे काम उभं राहायला आयुकापर्यंत थांबावं लागलं.

तुझ्यासाठी काम कुठे आहे: आयुका, बंगळूरचं आयआयए, नैनीतालचं एरीज, अहमदाबादचं पीआरएल, मुंबईचं टीआयएफआर. आयुकाने हाती घेतलेला डॉटिफ्स बघ, त्याच्या डिझाइनमध्ये २३०४ फायबर आणि आठ एकसारखे स्पेक्ट्रोग्राफ आहेत, एकसारखे आठ बनवायचे म्हणजे निम्मा प्रॉब्लेम टॉलरन्सिंगचा, म्हणजे मापात किती चूक चालेल ते ठरवण्याचा. आमच्याकडे ऑप्टिक्स समजणारे लोक मिळतात, थर्मल आणि स्ट्रक्चरल समजून ड्रॉइंगवर योग्य टॉलरन्स टाकणारा माणूस शोधून सापडत नाही. सगळीकडे ५ मायक्रॉन लिहिणारे भरपूर, कुठे ५० चालतात हे सांगणारा एखादा.

डीव्हीडीच्या तुकड्यावर थांबू नकोस. क्रिस्तियान ब्युइल नावाच्या फ्रेंच हौशी माणसाने सोल-एक्स नावाचा थ्रीडी प्रिंट करायचा स्पेक्ट्रोग्राफ बनवलाय, सूर्यासाठी, त्याचंच स्टार-एक्स रूप ताऱ्यांसाठी, फाइली फुकट मिळतात, स्लिट-ग्रेटिंगचा संच मात्र विकत घ्यावा लागतो. तो प्रिंट कर. इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमधला छोटा दिवा निऑनचा असतो, तो स्लिटसमोर धरलास की ५८५ आणि ६४० नॅनोमीटरच्या रेषा फुकटात मिळतात. मग अख्खं उपकरण शून्यापासून नव्वद अंशापर्यंत कलव नि परत आण, दर पंधरा अंशाला फोटो, आणि रेषा किती पिक्सेल सरकली ते मोज. प्लास्टिक आहे, बराच सरकेल. मग कुठला जॉइंट दोषी आहे ते शोध, एकेक बदल, परत मोज. हा आलेख आधीचा आणि नंतरचा असे दोन घेऊन इंटरव्ह्यूला आलास तर तुझी मार्कशीट मी तरी बघणार नाही.